दहापैकी सात

जाहिरातीचा मजकूर छापायला जाण्याआधी त्याला गुण देण्याची पद्धत आमच्या धंद्यात आता इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल वेगळा विचार करावा असं कुणाला फारसं वाटत नाही. एक तक्ता असतो. त्यात स्पष्टता, नेमकेपणा, भावना, ब्रँडचा सूर, कृतीचं आवाहन असे पाच-सहा रकाने असतात. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे, बेरीज करायची, आणि जिची बेरीज जास्त ती हेडलाइन पुढे पाठवायची. कुठे हा तक्ता माणसं भरतात, कुठे सॉफ्टवेअरमध्ये ओळ टाकली की शंभरपैकी आकडा समोर येतो, आणि अलीकडे हे काम भाषेच्या मोठ्या मॉडेलांकडे जाऊ लागलं आहे. पद्धतच टाकून द्या असं मी म्हणणार नाही. तक्त्याशिवाय चालणाऱ्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की तिथे ज्याची खुर्ची मोठी त्याची आवड चालते. पण हा आकडा मजकूर अडवायला जितका उपयोगी पडतो तितका निवडायला पडत नाही, आणि आपण तो बहुतेक वेळा निवडण्यासाठीच वापरतो. अडवायची वेळ येते तेव्हा मात्र बेरीज चांगली आहे म्हणून मजकूर सोडून देतो.

हे आकडे आले कुठून ते आधी पाहायला हवं. क्लॉड हॉपकिन्सने 1923 मध्ये 'सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग' लिहिलं तेव्हा तो ज्या मोजमापाचा आग्रह धरत होता ते प्रसिद्धीनंतरचं होतं. जाहिरातीत कूपन असायचं, त्यावर कोणत्या जाहिरातीतून ते आलं याची खूण असायची, आणि किती कूपनं परत आली त्यावरून कोणत्या मजकुराने गिऱ्हाईक आणलं ते समजायचं. हा सरळ हिशेब होता, त्यात भाकीत नव्हतं. त्याच दशकात डॅनियल स्टार्चने दुसरी वाट धरली. मासिक वाचलेल्या माणसासमोर पानं उलटत जायचं आणि विचारायचं, ही जाहिरात पाहिलीत का, कुणाची होती ते लक्षात आलं का, निम्म्याहून जास्त वाचलीत का. पुढे टीव्हीच्या काळात 'डे-आफ्टर रिकॉल' आलं: काल रात्री दिसलेली जाहिरात आज किती जणांना आठवते. या प्रत्येक पायरीवर मोजायची गोष्ट थोडी थोडी सरकत गेली. कूपन हे विक्रीच्या अगदी जवळचं होतं. 'पाहिली' आणि 'आठवली' ही विक्रीपासून दोन पावलं लांब. आणि प्रसिद्धीच्या आधी खोलीत बसून दिलेले गुण तर त्याहूनही लांब, कारण तिथे जाहिरात कुणी पाहिलेलीच नसते. तक्ता भरणाऱ्याला वाटतं तो मजकूर मोजतोय. खरं तर तो लोक काय करतील याबद्दलचा स्वतःचा अंदाज लिहीत असतो, आणि अंदाज आकड्यात लिहिला की त्याला मोजमापाचा रुबाब येतो.

हा अंदाज कितपत खरा ठरतो हे तपासण्याचे प्रयत्न झालेले आहेत. अमेरिकेतल्या अ‍ॅडव्हर्टायझिंग रिसर्च फाउंडेशनने टीव्ही जाहिरातींच्या पाच जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतल्या कोणत्या जाहिरातीने जास्त विक्री आणली हे केबलच्या प्रेक्षकांचे दोन गट करून घेतलेल्या प्रयोगांतून आधीच ठाऊक होतं. मग प्रचलित पूर्वचाचण्यांपैकी कोणती चाचणी विजेती बरोबर ओळखते ते पाहिलं. रसेल हेली आणि अ‍ॅलन बाल्डिंजर यांनी 1991 मध्ये हे निष्कर्ष मांडले तेव्हा अनेकांची पंचाईत झाली, कारण 'जाहिरात आवडली का' हा साधा, काहीसा बाळबोध समजला जाणारा प्रश्न भल्याभल्या मोजमापांच्या पुढे निघाला होता. पाच जोड्या म्हणजे फारच तोकडा पुरावा, आणि या निष्कर्षावर पुढे वादही झाला. पण दशकानुदशकं ज्या आकड्यांवर कोट्यवधींचे निर्णय घेतले गेले त्यांची पडताळणी पाच जोड्यांवर होते, हीच मला त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

इंटरनेटमुळे पडताळणी स्वस्त झाली आणि चित्र आणखी स्पष्ट झालं. 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंगवर एक छोटा बदल झाला: जाहिरातीच्या मजकुराची पहिली ओळ उचलून शीर्षकालाच जोडायची, म्हणजे शीर्षक लांबेल. ही सूचना कित्येक महिने तशीच पडून होती, कारण प्राधान्यक्रम ठरवणाऱ्यांनी तिला खालचा नंबर दिला होता. शेवटी एका इंजिनिअरने ती करून पाहिली तर उत्पन्न 12 टक्क्यांनी वाढलं. नुसत्या अमेरिकेत वर्षाला 10 कोटी डॉलरहून जास्त. तेव्हा तिथल्या प्रयोगांचं काम पाहणारे रॉन कोहावी यांनीच लिहिलं आहे की मायक्रोसॉफ्टमध्ये ज्या कल्पना करून पाहिल्या गेल्या त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश कल्पनांनी अपेक्षित आकडा सुधारला. आणि या साऱ्या कल्पना कुणाच्या तरी मते चांगल्याच होत्या, नाहीतर त्या चाचणीपर्यंत पोचल्याच नसत्या. त्याच वर्षी बराक ओबामांच्या प्रचारमोहिमेत निधी मागणाऱ्या ईमेलच्या विषयओळी आधी छोट्या गटांवर तपासून मगच मोठ्या यादीला पाठवत. एका ईमेलच्या बाबतीत सर्वांत चांगल्या ओळीने 26 लाख डॉलरच्या वर रक्कम आणली, तर सर्वांत वाईट ओळ पाठवली असती तर चार लाखांच्या आसपास मिळाले असते असा त्यांचा हिशेब होता. कोणती ओळ चालेल हे त्या ईमेल लिहिणाऱ्या, रोज तेच काम करणाऱ्या मंडळींना आधी ओळखता येत नव्हतं, हे मोहिमेतल्या लोकांनीच नंतर मोकळेपणाने सांगितलं. आपल्या आवडीनिवडीचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हा लोकांना ही माहिती फारशी रुचत नाही.

यावर कुणी म्हणेल की माणसं चुकतात म्हणूनच सॉफ्टवेअर हवं, ते हजारो हेडलाइन पाहून शिकलेलं असतं. म्हणून अपवर्दीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. या अमेरिकी संकेतस्थळाने जानेवारी 2013 ते एप्रिल 2015 या काळात एकाच बातमीला वेगवेगळ्या हेडलाइन देऊन केलेले 32,487 प्रयोग पुढे संशोधकांना खुले झाले. 'नेचर ह्यूमन बिहेव्हियर'मध्ये 2023 साली आलेल्या अभ्यासानुसार सरासरी लांबीच्या हेडलाइनमध्ये एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण 2.3 टक्क्यांनी वाढत होतं, आणि सकारात्मक शब्दांनी ते घटत होतं. पुरावा भक्कम आहे, पण त्याचा आकार पाहा. शंभरात दोन जण क्लिक करत असतील तर त्या एका शब्दाने ते 2.046 होतात. म्हणजे इतक्या प्रचंड संख्येतून शब्दांचा जो परिणाम हाती लागला तो इतका बारीक आहे, आणि आपण मात्र 78 गुणांची हेडलाइन बाजूला सारून 84 गुणांची उचलतो, जणू मधले सहा गुण मापपट्टीवर मोजून घेतले आहेत. शिवाय तो परिणाम एका संकेतस्थळाचा, एका काळाचा, आणि क्लिकचा आहे. वॉटर प्युरिफायरच्या विक्रीचा नाही.

वॉटर प्युरिफायरचा विषय निघालाच आहे तर त्याच घरातलं एक उदाहरण घेऊ. बोअरच्या जड पाण्यासाठी सॉफ्टनर विकायचा आहे. दोन हेडलाइन आहेत. पहिली: 'तुमच्या कुटुंबाच्या निरोगी, आनंदी आयुष्यासाठी शुद्ध आणि विश्वासार्ह पाणी'. दुसरी: 'नळावर दिसतो तो पांढरा थर गीझरच्या आतही चढतोय'. कुठल्याही नेहमीच्या तक्त्यात पहिली ओळ मजेत पास होते. कुटुंब आहे, म्हणजे भावना आली. निरोगी, आनंदी, विश्वासार्ह असे तीन गोड शब्द आहेत, म्हणजे सूर सकारात्मक. ब्रँडला शोभणारी आहे, कारण ती कुठल्याही ब्रँडला शोभते. दुसरीला भावनेत चार, सुरात तीन, आवाहनात दोन. नेमकेपणात तेवढे नऊ मिळाले तरी बेरीज मागेच राहते. पण जड पाण्याच्या गावात राहणाऱ्या माणसाने तो थर चिंच लावून, तारेच्या घासणीने खरवडून पाहिलेला असतो. दुसरी ओळ त्याच्या मोरीत येऊन बोलते. पहिली ओळ खरी आहे की खोटी हे विचारण्याचीही सोय नाही. त्यातून सॉफ्टनरचं काम पाण्याचा जडपणा घालवणं; 'शुद्ध' हा शब्द तिथे दाव्यासारखा वाचला गेला तर कंपनीला त्याचं उत्तर द्यावं लागेल. तक्त्यात या शेवटच्या मुद्द्याला रकानाच नाही, आणि असला तरी त्याचे कमी पडलेले दोन-चार गुण भावनेचे नऊ भरून काढतात.

माझ्या मते तक्त्याची मूळ खोट या बेरजेत आहे. बेरीज केली की प्रत्येक उणीव दुसऱ्या कशाने तरी भरून निघू शकते असं आपण गृहीत धरतो. सुराच्या बाबतीत ते चालेल. किंमत चुकली असेल, योजनेची मुदत लिहायची राहिली असेल, दाव्याला आधार नसेल, तर ती उणीव कशानेही भरून निघत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तसंच केलं तर 50 लाखांपर्यंत. 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर असंही आहे की खुलासा ज्या भाषेत दावा केला त्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये हवा. मराठी हेडलाइनखाली बारीक इंग्रजीत अटी टाकण्याची जी सर्रास सवय आहे ती या एका वाक्याने अडचणीत येते. घरांच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो आणि ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. आजार बरे करण्याच्या दाव्यांसाठी 1954 चा औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींचा कायदा आहेच. या गोष्टींना दहापैकी गुण देणं हास्यास्पद आहे. क्यूआर कोड दहापैकी सात नसतो. तो असतो किंवा नसतो. म्हणून तक्ता दोन भागांत तोडायला हवा. पहिल्या भागात फक्त हो किंवा नाही, आणि एक जरी 'नाही' आलं तरी मजकूर परत. फोन नंबर लावून पाहिला का, तारीख आणि वार जुळतात का, दाव्याचा कागद फाइलमध्ये आहे का, नियमाने लागणारी ओळ आहे का, वाचणाऱ्याला विकत काय घ्यायचंय ते एका वाचनात समजतं का. हा भाग कंटाळवाणा आहे आणि बैठकीत त्यावर कुणी चमकत नाही, पण गुणपद्धतीचा निर्विवाद फायदा असेल तर तो इथेच आहे.

दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे चांगली कॉपी कोणती या प्रश्नाबद्दल, दहापैकीचे गुण काय सांगतात? बहुतेक वेळा सात. भांडायचं नसलेल्या माणसाचा आकडा सात असतो. सहा दिले तर कारण द्यावं लागतं, आठ दिले तर जबाबदारी येते. त्यातून सर्वांत वरिष्ठाने आपला आकडा आधी बोलून दाखवला की बाकीचे त्याच्या अर्धा-एक गुण इकडेतिकडे उतरतात. रकाने पाच असले तरी मतं पाच नसतात. एडवर्ड थॉर्नडाइकने 1920 मध्येच दाखवलं होतं की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्यांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व अशा वेगवेगळ्या गोष्टींवर गुण देताना खरं तर एकाच सर्वसाधारण मताचे गुण सगळ्या रकान्यांत वाटतात. हेडलाइन आवडली की ती स्पष्टही वाटते, नेमकीही वाटते, आवाहनही जोरकस वाटतं. त्यामुळे पाच रकान्यांची सरासरी ही पाच पुराव्यांची सरासरी नसून एकच आवड पाचदा मोजलेली असते.

आणि सरासरी काढल्यावर जे हरवतं तेच बहुधा कामाचं असतं. एका ओळीला सहा जणांनी सहा-सात-सात-सहा-सात-सहा दिले. दुसरीला नऊ, तीन, नऊ, चार, दहा, चार. दोघींची सरासरी साडेसहा. तक्त्याच्या लेखी त्या सारख्या आहेत. पण पहिली ओळ कुणालाच लागली नाही, आणि दुसरी निम्म्यांना लागली, निम्म्यांना खटकली. अशा वेळी विचारायचं ते हे की नऊ आणि दहा देणारे कोण होते. वस्तू ज्यांना विकायची त्यांच्यासारखे असतील तर तीन-चारांकडे काणाडोळा करायला हरकत नाही. नेमकं उलट असेल, म्हणजे ऑफिसातल्या पोरांना ओळ फार आवडली आणि नांदेडच्या डीलरला ती समजलीच नाही, तर ओळ थांबवायला हवी. गुणांमधली फूट हा चर्चेचा विषय आहे, आणि सरासरी ती चर्चा मारून टाकते. म्हणून आकडे आधी प्रत्येकाने एकट्याने लिहावेत, एकदम उघडावेत, आणि फक्त फुटलेल्या ओळींवर बोलावं. निवडच करायची असेल तर दहापैकीचा नाद सोडून दोन ओळी शेजारी ठेवून 'यातली कोणती' एवढंच विचारावं. एल. एल. थर्स्टन यांनी 1927 मध्ये तुलनात्मक निवडीचा जो सिद्धांत मांडला त्याचा गाभा हाच, की माणसाला एखाद्या गोष्टीला सुटा आकडा देणं जड जातं, दोन गोष्टींत डावं-उजवं करणं सोपं जातं.

मराठीत काम करणाऱ्यांची अडचण याहून वेगळी आहे, कारण तयार मिळणारी मोजमापं इंग्रजीच्या मापाने बेतलेली असतात. रूडॉल्फ फ्लेशचं 1948 चं वाचनसुलभतेचं सूत्र आजही अनेक लेखन-सॉफ्टवेअरमध्ये या ना त्या रूपात असतं: 206.835 मधून दर वाक्यातल्या शब्दांच्या सरासरीची 1.015 पट आणि दर शब्दातल्या उच्चारखंडांची 84.6 पट वजा करायची. उत्तर साधारण शून्य ते शंभर, जितकं जास्त तितकं सोपं. आता 'बाजारातल्या दुकानदारांनासुद्धा हप्त्याने मिळेल' हे वाक्य घ्या. चार शब्द, बोलताना सोळा खंड, म्हणजे शब्दामागे चार. सूत्रात घातलं तर उत्तर येतं उणे 135 च्याही खाली. सहावीतलं पोर जे वाक्य सहज वाचेल ते सूत्राच्या लेखी मानवी आकलनापलीकडचं ठरतं, कारण मराठी जे प्रत्ययांनी एका शब्दात चिकटवते त्यासाठी इंग्रजी तीन-चार सुटे शब्द वापरते. सूत्राचा यात दोष नाही. ते मराठीसाठी कुणी बनवलंच नव्हतं. दोष आहे तो लाल दिवा लागला म्हणून 'सुद्धा' सुटं काढून वाक्य मोडणाऱ्यांचा.

एसएमएसचा हिशेबही असाच. रोमन लिपीत एका संदेशात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70, आणि संदेश लांबून जोडायची वेळ आली तर प्रत्येक तुकड्यात 67 च. त्यात 'ग्राहकांसाठी' हा शब्द डोळ्याला पाच अक्षरांचा दिसतो, पण काने-मात्रे, हलन्त, अनुस्वार सगळे सुटे धरून यंत्र तो बारा मोजतं. त्यामुळे 'थोडक्यात लिहिलंय का' या रकान्यात मराठी मजकूर कायम मागे पडतो, आणि मग नमस्कार कापला जातो, क्रियापद कापलं जातं, तारखेतलं वर्ष कापलं जातं. हा पैशाचा प्रश्न आहे आणि तो पैशाचा म्हणूनच सोडवावा: दोन संदेशांचा खर्च परवडतो का ते बघावं. त्याला लेखनाच्या गुणवत्तेचं नाव देऊ नये.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की अंदाज जर इतके चुकतात तर गुण देत बसण्यापेक्षा थेट चाचणीच का घेऊ नये, अर्ध्या लोकांना एक मजकूर, अर्ध्यांना दुसरा. जिथे शक्य आहे तिथे जरूर घ्यावी. पण शक्य कुठे आहे? सध्या शंभरात दोन जण खरेदी करत असतील आणि त्यात दहा टक्क्यांची सुधारणा, म्हणजे दोनाचे 2.2, नक्की ओळखायची असेल, तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने प्रत्येक मजकुराला सुमारे 78,000 माणसं लागतात. सांगलीच्या एखाद्या फर्निचरवाल्याच्या पानावर महिन्याला तीन हजार लोक येत असतील तर ही चाचणी पुरी व्हायला चार वर्षांहून जास्त काळ जाईल. दिवाळीची पानभर जाहिरात एकदाच छापली जाते. एसटी स्टँडबाहेरचं होर्डिंग अर्ध्या लोकांना वेगळं दाखवता येत नाही. तेव्हा पूर्वमूल्यांकन टळत नाही, हे मान्य. पण ज्याला चाचणी परवडत नाही त्याला एका वाईट जाहिरातीचा फटकाही जास्त बसतो. त्याच्यासाठी 78 आणि 84 मधल्या फरकापेक्षा चुकलेला पत्ता पकडणं कैक पटीने मोलाचं आहे. हा आक्षेप माझ्या दोन भागांच्या तक्त्याला पोषकच ठरतो.

दुसरा आक्षेप मला जास्त अडचणीत टाकतो. तो असा की आकडा ज्युनिअर लेखकाचं रक्षण करतो. 'मला नाही आवडलं' या शेऱ्याला उत्तर नसतं. 'नेमकेपणात चार' याला असतं. हे खरं आहे, आणि गुणतक्ता वापरणाऱ्या जागी वादाची भाषा थोडी सभ्य होते हेही खरं आहे. पण आकड्याला बक्षीस, बढती, अप्रूव्हल जोडलं गेलं की लेखक आकड्यासाठी लिहायला लागतो. चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात जे निरीक्षण नोंदवलं ते इथे अक्षरशः लागू पडतं: मोजमापावर नियंत्रणाचा भार टाकला की त्याचं मोजमाप म्हणून असलेलं मूल्य ढासळतं. शंभरपैकी गुण देणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या चमूच्या हेडलाइन काही महिन्यांत एकमेकींच्या बहिणी दिसू लागतात, सगळ्यांत एक आकडा, एक 'तुम्ही', एक तातडीचा शब्द. गूगलसुद्धा आपल्या जाहिरातदारांना सांगतं की एक ते दहामधला क्वालिटी स्कोअर निदानासाठी आहे, तोच वाढवत बसण्याचं उद्दिष्ट ठेवू नका. तरी महिन्याच्या रिपोर्टात पहिल्या पानावर तोच असतो. ज्युनिअर लेखकाचं रक्षण करायचं तर आकड्याऐवजी शेऱ्याची सक्ती करावी: कोणता शब्द, का, आणि कुणाला खटकेल. चार गुण दिले आणि शब्द दाखवता आला नाही, तर ते चार मोजायचे नाहीत.

मॉडेलांकडून गुण घेण्याच्या नव्या प्रथेला हेच सगळं लागू आहे, थोड्या फरकाने. मॉडेल थकत नाही, वरिष्ठाचं तोंड बघत नाही, आणि नियमांची यादी नीट दिली तर सुटलेली तारीख किंवा न जुळणारा वार पकडण्यात ते माणसाहून सरस ठरू शकतं. म्हणजे तक्त्याच्या पहिल्या भागात त्याला आनंदाने बसवावं, शेवटची नजर मात्र माणसाचीच ठेवावी. दुसऱ्या भागात सावध राहावं. मॉडेलांना परीक्षक म्हणून वापरण्याबद्दल 2023 मध्ये जो बहुचर्चित अभ्यास आला त्यात जीपीटी-4 चा निवाडा माणसांच्या निवाड्याशी 80 टक्क्यांहून जास्त वेळा जुळला होता, म्हणजे माणसं आपापसांत जितकी जुळतात तितका. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की उत्तरांचा क्रम बदलला की निकाल बदलतो, लांब उत्तराला झुकतं माप मिळतं, आणि मॉडेल स्वतःच्या धाटणीच्या उत्तरांवर मेहेरबान असू शकतं. जिथे कॉपीही मॉडेलच लिहितं आणि गुणही तेच देतं तिथे हा तिसरा दोष गमतीचा राहत नाही. आणि 80 टक्के जुळणं हे माणसांच्या मताशी जुळणं आहे. त्या मताचा विक्रीशी मेळ किती कमी बसतो ते बिंगच्या आणि ओबामांच्या उदाहरणांत आपण पाहिलंच.

राहतो प्रश्न पडताळणीचा, आणि तिथे उपाय जुनाच आहे. 1982 मध्ये अमेरिकेतल्या 21 जाहिरात संस्थांनी कॉपी-चाचणीची नऊ तत्त्वं एकत्र जाहीर केली होती. त्यातलं एक असं की निकाल कसा वापरायचा हे चाचणी घेण्याआधीच ठरलेलं असावं, आणि दुसरं असं की एकाच मोजमापावर विसंबू नये. पहिलं तत्त्व फुकट आहे, तरीही ते क्वचितच पाळलं जातं. 'साडेसहाच्या खाली आलं तर पुन्हा लिहू' हे आकडे उघडण्याआधी कागदावर नसेल तर आवडत्या ओळीसाठी पट्टी खाली सरकते, हे या कामात असलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. याला जोडून एक साधी वही हवी: तारीख, मजकूर, आधी दिलेले गुण आणि कुणी दिले, मग नंतर काय झालं. पंचवीस-तीस जाहिराती झाल्या की कुणाचे नऊ खरे ठरतात आणि कोणता रकाना निव्वळ शोभेचा आहे याचा अंदाज येऊ लागतो. शोभेचा रकाना काढून टाकायचा.

वहीचा शेवटचा रकाना भरणं मात्र लेखकाच्या हातात नसतं. क्लिक किती आले ते एजन्सीला दिसतं, विक्री किती झाली ते दिसत नाही. म्हणून जो क्लायंट मजकुरासोबत गुणतक्ता मागतो त्याच्याकडून ब्रीफ घेतानाच विक्रीचा आकडा मागून ठेवावा, आणि तो कधी मिळेल ते ईमेलमध्ये लिहून घ्यावं. छोटा दुकानदार तो लगेच फोनवर सांगतो, जाहिरात वाचून किती जण आले आणि त्यांनी काय विचारलं यासकट. मोठ्या कंपनीत तो आकडा दुसऱ्याच विभागाकडे असतो, आणि त्या आठवड्यात कोणती जाहिरात चालू होती हे त्या विभागाला माहीत नसतं.